सागरगोटे घानाला, चंगअष्टे कोरियाला

नागपुरात मे महिन्यात सकाळी नऊनंतर मुलांना अंगणात सोडायची सोय नसते. पारा ४५ अंशांच्या आसपास, गल्लीत चिटपाखरू नाही. म्हणून माझं उन्हाळी शिबिर ओसरीवर भरतं. महालातलं आमचं जुनं घर, दोन सतरंज्या, ओल्या ताट्यांचा कूलर आणि ७ ते १२ वयाची सोळा-सतरा मुलं. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून दर उन्हाळ्यात १५ दिवस हे चालतं. खेळांतून इतर ठिकाणच्या माणसांची ओळख करून द्यायची, हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. तो कसा करते ते इथे सविस्तर लिहिते. तुमच्या घरी चार मुलं जमत असतील तरी पुरेल.

पहिल्या वर्षी मी तो फार वाईट केला होता. ‘जगाची सफर’ असं नाव देऊन रोज एक देश घेतला. कागदाच्या टोप्या, डोक्याला पिसं, हातात पंखे. चीनच्या दिवशी दोन-तीन मुलांनी बोटांनी डोळे ताणून दाखवले, बाकीची हसली आणि मी त्यांना लगेच थांबवलं नाही. त्या गटात मणिपूरची एक मुलगी होती, वडील सैन्यदलात. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने चहा दिला आणि अगदी शांतपणे सांगितलं, की शाळेच्या वाटेवर ती हे रोज ऐकते, शिबिरात तरी ऐकायला लागू नये असं तिला वाटत होतं. त्या घरातून परत येताना माझे पाय उचलत नव्हते. त्या मुलीचं आणि तिच्या आईचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते, कारण आमचा सगळ्यात चांगला खेळ त्यांनीच दिला.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळते. मुलांना येतो तो खेळ घ्यायचा. आपल्या नियमांनी दोन डाव खेळायचे. मग त्यातला एक नियम, फक्त एक, दुसऱ्या ठिकाणच्या मुलांचा आणायचा आणि पुन्हा खेळायचं. हा नियम कुठला, ते खेळून झाल्यावर सांगायचं. देशाचं नाव आधी घेतलं की मुलांच्या डोक्यात टीव्हीवरची चित्रं उभी राहतात. आफ्रिका म्हटलं की जंगल, जपान म्हटलं की किमोनो. नाव मागाहून आलं, की त्या देशाची पहिली आठवण ‘अरे, तो खेळ!’ अशी राहते.

एकच नियम का, तर मुलांना फरक नीट जाणवावा म्हणून. सगळंच नवं असलं की तो फक्त नवा खेळ होतो. नव्वद टक्के खेळ ओळखीचा आणि एक जागा वेगळी असली, की मुलं आपणहून विचारतात, ‘त्यांच्यात असं काऊन?’ त्या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप.

चंगअष्टे

सुरुवात याच खेळाने करा, कारण आज्या-आजोबांनाही तो येतो आणि मदतीला माणसं मिळतात. ओसरीच्या फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, चारही कडांच्या मधल्या घरांत आणि मधोमध फुली. चार कवड्या घ्या. नसल्या तर चिंचोके मधून फोडा, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जितक्या कवड्या उताण्या तितकं दान. चारही उताण्या म्हणजे चंग, ४. चारही पालथ्या म्हणजे अष्टे, ८. दोन्हींना पुन्हा दान मिळतं. मुलांना हे अर्ध्या तासात अंगवळणी पडतं.

आता कवड्या बाजूला ठेवा आणि चार काड्या आणा. बुरडाकडून अंगठ्याएवढ्या जाडीच्या बांबूचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्या आणि उभे चिरा. चार काड्या तयार, एक बाजू चपटी, एक गोल. कडा कानशीने घासून घ्या, कुसळं हातात जातात. या काड्या एकदम वर उडवायच्या आणि चपट्या बाजू किती वर आल्या ते मोजायचं. चारही चपट्या वर आल्या तर ४ आणि पुन्हा फेक. एकही नाही आली तर ५ आणि पुन्हा फेक. इथे कुणीतरी ओरडतंच, ‘बाई, हे तं आपलंच हाय ना!’

हा कोरियातला युन्नोरी. चांद्र नववर्षाला, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, घरातली लहानथोर माणसं दोन गट करून तो खेळतात. दानांना नावं आहेत आणि ती मुलांना पाठ करायला फार आवडतात: एकाला दो, दोनाला गे, तिनाला गल, चाराला युत, पाचाला मो. परंपरेने या दानांशी प्राणी जोडलेले आहेत: डुक्कर, कुत्रा, मेंढी, बैल आणि घोडा. डुकराचं एक पाऊल, घोड्याची पाच. डुक्कर म्हटल्यावर आमची पोरं ‘शी’ म्हणाली. त्यांना नालीतली डुकरं माहीत. कोरियात डुक्कर स्वप्नात दिसलं तर ते धनलाभाचं चिन्ह मानतात, हे सांगितल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, ‘आणि आपण मांजर आडवं गेलं तर थांबतो, ते त्यांना कसं वाटेल?’ मी उत्तर दिलं नाही. प्रश्नच उत्तराहून चांगला होता.

पट वेगळा आखावा लागतो. चौकोनाच्या कडेने २० ठिपके, दोन कर्णांवर आतले ९, असे २९. कोपऱ्यांचे आणि मधला ठिपका मोठे काढा. प्रत्येक गटाच्या चार सोंगट्या. आम्ही शर्टाची दोन रंगांची बटणं वापरतो. एका कोपऱ्यातून निघून फेरी पुरी करून बाहेर पडायचं. सोंगटी नेमकी कोपऱ्यावर थांबली तर पुढच्या दानाला कर्णाच्या आडवाटेने जाता येतं. समोरच्याची सोंगटी मारली तर ती पहिल्यापासून, आणि आपल्याला जादा फेक. आपली सोंगटी आपल्याच सोंगटीवर आली तर दोघी एकत्र पुढे जातात. कोरियन भाषेत त्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ पाठुंगळी घेणं असाच आहे. पण मार पडला तर पाठुंगळीचीही परत जाते.

फरक कुठे आहे, ते मुलांनाच शोधू द्या. आमच्या एका मुलाने तिसऱ्या डावात पकडलं: आपल्या पटावर फुलीत बसलं की कुणी मारत नाही, त्यांच्या पटावर लपायला घर नाही, पण आडवाट आहे. पुढे दोन दिवस मुलं ‘घर बरं की आडवाट’ यावर भांडली. एक सावधगिरी मात्र मोठ्यांनी बाळगावी. यावरून ‘म्हणजे कोरियन लोक असे असतात’ असलं वाक्य काढू नये. खेळातून माणसांचा स्वभाव सिद्ध होत नाही, आणि असं वाक्य मुलं आयुष्यभर धरून ठेवतात.

सागरगोटे

ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, म्हणून जरा लांबवते.

हल्लीच्या मुलींनी सागरगोटे पाहिलेले नसतात. खडे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे घेऊन खेळतात. खरा सागरगोटा म्हणजे गजगा, काटेरी वेलीच्या काटेरी शेंगेतलं राखाडी, टणक, गुळगुळीत बी. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. ५० घेऊन या. आधी आपला खेळ: एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे, एक-एक, मग दोन-दोन. मुलग्यांनाही बसवा. पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतात, तिसऱ्या दिवशी जागा सोडत नाहीत.

मग तेच बी दुसऱ्या खेळात घ्यायचं. एकाच नियमाचा माझा नेम इथे मोडतो, ओळखीचं असतं ते फक्त बी. किराणा दुकानातून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे मागून आणा. त्यात पाच गुणिले सहा असे ३० खळगे असतात. सहा-सहाच्या दोन ओळी कापल्या की १२ खळग्यांचा एक पट. एका ट्रेत दोन पट निघतात आणि उरलेली ओळ जिंकलेल्या बिया ठेवायला होते. ज्या घरी अंड्यांचा ट्रे चालत नाही तिथे गेल्या दिवाळीच्या १२ पणत्या दोन ओळींत मांडा. दोन्ही प्रकार आमच्याकडे शेजारी-शेजारी असतात, त्यावरून कुणाला काही वाटत नाही.

प्रत्येक खळग्यात ४ बिया, एकूण ४८. समोरासमोर दोघं, आपल्या बाजूची ओळ आपली. आपल्या एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि उजवीकडे, घड्याळाच्या उलट्या दिशेने, पुढच्या प्रत्येक खळग्यात एक-एक टाकत जायचं, जसं पेरतात तसं. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडून तिथे २ किंवा ३ झाल्या तर त्या आपल्या. त्याच्या लगतच्या मागच्या खळग्यातही २ किंवा ३ असतील तर त्याही, आणि अशी साखळी तुटेपर्यंत. एका खळग्यात १२ किंवा जास्त बिया साठल्या असतील आणि पूर्ण फेरी झाली, तर जिथून उचलल्या तो खळगा रिकामा सोडायचा. २५ बिया आधी मिळवेल तो जिंकला.

हे सगळं दोन डावांत बसतं. ज्या नियमासाठी मी हा खेळ घेते तो आता येतो. समोरच्याची ओळ पूर्ण रिकामी झाली, तर आपल्याला त्याच्या ओळीत बिया पोचतील अशीच चाल करावी लागते. जमत असूनही न करणं चालत नाही. हा नियम ऐकल्यावर आमच्यातला एक फार जिंकणारा मुलगा चिडला. ‘तो हरून राहिला ना, मग मी काऊन देऊ त्याला?’ मी म्हटलं, खेळून पाहा. दोन डावांनी तो लक्ष ठेवून खेळायला लागला, समोरच्याकडे काही उरलंय का हे आधी बघायला लागला. समोरच्याला उपाशी ठेवून हा खेळ पुढे जातच नाही.

याचं नाव ओवारे, पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचा. आणि घानात पारंपरिकरीत्या हा ज्या बियांनी खेळतात, त्या याच. सागरगोट्याच्याच. पहिल्यांदा हे मला कळलं तेव्हा मी हातातल्या बिया बराच वेळ बघत बसले होते. या बीच्या आत पोकळी असते, कवच पाणी आत घेत नाही, त्यामुळे ती समुद्रावर तरंगत दूरदूर जाते आणि किनाऱ्याला लागून रुजते. नावातच सागर आहे, आपण कधी विचार केला नाही. माझ्या आजीच्या डबीतला आणि घानातल्या आजीच्या पटावरचा दाणा एकच निघाला. मुलांना मी हे सांगते तेव्हा नकाशा काढते, त्याआधी नाही.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना पुढची गोष्टही सांगावी. पश्चिम आफ्रिकेतून लाखो माणसांना गुलाम करून समुद्रापलीकडे नेलं. सामान बरोबर नेता आलं नाही, पण खेळ डोक्यात होता. खड्डे जमिनीत खणता येतात, बिया तिथेही मिळाल्या. कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर हा खेळ ‘वारी’ नावाने आजही खेळतात. आपल्या कानाला वारी शब्द वेगळा ऐकू येतो, तो योगायोग आहे हेही सांगून टाका, नाहीतर मुलं पंढरपूरशी जोडतात.

आणि हा खेळ फक्त परदेशचा, असं वाटू देऊ नका. तमिळ घरांत पल्लांगुळी, कानडीत अळगुळी मणे, तेलुगूत वामन गुंटलू, हे याच घराण्यातले. पल्लांगुळीत बहुधा १४ खळगे असतात आणि पेरता पेरता एखाद्या खळग्यात ४ बिया झाल्या की त्याला पसु म्हणजे गाय म्हणतात. नागपुरात तेलुगू, तमिळ माणसं काही कमी नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका तेलुगू आजींना मी दुपारी बोलावलं. त्यांनी पदरात चिंचोके आणले होते. मराठी त्यांना मोडकं येतं, पण त्या दिवशी भाषेची गरज पडली नाही. मुलांना एकदा तरी असं खरं माणूस भेटवा. पुठ्ठ्याच्या पटाहून ते महत्त्वाचं.

लंडन

भिंतीकडे तोंड करून एकाने ‘एल-ओ-एन-डी-ओ-एन लंडन’ म्हणायचं, तोवर बाकीच्यांनी मागून पुढे सरकायचं. तो वळला की सगळे पुतळे. हललेला बाद. हा सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत गल्लीत घ्या. ओसरीवर जागा कमी पडते.

दोन डाव झाले की बदल: हललेला बाद होत नाही. तो जाऊन राज्य असलेल्याच्या करंगळीत करंगळी अडकवून उभा राहतो, पुढचा त्याच्या करंगळीत, अशी साखळी होते. मोकळ्यांपैकी कुणी पुढे पोचून हाताने साखळी तोडली की सगळे सुटतात आणि पळतात. मुलं म्हणतात, हे तर विषामृतासारखं. बरोबर, आणि तसं म्हणू द्या. बाद होऊन कोपऱ्यात बसणारं लहान मूल या नियमाने खेळात टिकतं, हा त्याचा मोठा फायदा. माझ्या गटात आता मूळ ‘लंडन’सुद्धा मुलं करंगळी धरूनच खेळतात.

हा नियम जपान आणि कोरिया दोन्हीकडचा. कोरियात भिंतीकडे तोंड करून म्हणतात, ‘मुगुंगह्वा क्कोची पिओत्सुम्निदा’, म्हणजे मुगुंगह्वाचं फूल उमललं. आपल्या जास्वंदीच्या कुळातलं हे फूल दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल आहे. जपानमध्ये म्हणतात, ‘दारुमासान् गा कोरोन्दा’, दारुमा पडला. दोन्ही वाक्यं मोजून पाहा. कोरियन उच्चारांचे तुकडे दहा, जपानी अक्षरं दहा: दा-रु-मा-सा-न्-गा-को-रो-न्-दा. एक ते दहा आकडे मोजण्याऐवजी एक वाक्य म्हणायचं, अशी ती युक्ती आहे.

मग मुलांना गृहपाठ दिला: आपल्या नागपूरचं दहा अक्षरांचं वाक्य करा. पहिलं आलं ते ‘संत्र्याच्या बागेत बहार आला’. मोजलं तर अकरा. खूप काथ्याकूट झाल्यावर ठरलं, ‘संत्र्याच्या बागेत फूल आलं’. सं-त्र्या-च्या-बा-गे-त-फू-ल-आ-लं. पूर्ण दहा. आता गल्लीत तेच चालतं. नक्कल करण्यापेक्षा ही वाट मला बरी वाटते. त्यांची युक्ती घ्यायची आणि वाक्य आपलं करायचं.

दारुमाबद्दल नागपूरच्या मुलांना सांगायला तर मजाच येते. दारुमा म्हणजे जपानमधली लाल गोल बाहुली, बुड जड असल्याने ढकलली तरी उठून बसते. ती बोधिधर्म या बौद्ध आचार्यांच्या नावाने आहे. परंपरा सांगते, की ते दक्षिण भारतातून चीनला गेले. ‘दारुमा’ हा ‘धर्म’ शब्दाचाच जपानी उच्चार. दीक्षाभूमीच्या शहरातल्या, घरात ‘धम्म’ शब्द ऐकत वाढलेल्या मुलांना तो शब्द जपानी पोरांच्या खेळात भेटतो, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर त्यांनी पाहिलेलं असतं, जपानहून येऊन नागपूरचेच होऊन गेलेल्या भदन्त सुरई ससाईंचं नाव ऐकलेलं असतं. जपान मग फार लांब राहत नाही.

मोठ्या मुलांना कोरियन खेळ एका गाजलेल्या हिंसक मालिकेमुळे माहीत असतो आणि ती ‘हललास की गोळी’ असं सुरू करतात. थांबवा. कोरियातली लहान मुलं तो शाळेच्या अंगणात करंगळ्या धरून खेळतात, एवढं सांगितलं तरी पुरतं.

थोडक्यात आणखी तीन

‘मामाचं पत्र हरवलं’ला फारसं काही करावं लागत नाही. जपान, कोरिया, चीन तिन्हीकडे रुमाल मागे टाकून असाच खेळतात. जर्मनीत गाठ मारलेलं फडकं असतं आणि गाणं मागे वळून न पाहण्याची ताकीद देतं, पंजाबातल्या कोकला छपाकीचं गाणंही तसंच. मुलांना विचारा, की आपल्याकडेच रुमालाचं पत्र का झालं आणि ते मामाचंच का? आमच्याकडे यावर एक अख्खी सकाळ गेली, कारण आधी पत्र म्हणजे काय ते सांगावं लागलं.

बिल्लस घेतलात तर फ्रान्समधला गोगलगायीचा आखा: वेटोळं काढून घरं पाडायची, लंगडी घालत मध्यापर्यंत जाऊन परत यायचं. न चुकता आलात तर एका घरात आपलं अक्षर लिहायचं. तिथे आपण दोन पाय टेकू शकतो, बाकीच्यांनी ते ओलांडून जायचं. आपल्या ‘घर घेण्या’सारखंच.

मंगोलियात मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळतात, त्याला शगाई म्हणतात. हाड पडलं की चारपैकी एक बाजू वर येते: घोडा, उंट, मेंढी, बकरी. हाड आणायची गरज नाही. सुताराकडून चौकोनी पट्टीचे चार तुकडे आणा आणि प्रत्येक बाजूवर एक प्राणी काढा. चारही एकदम टाकायचे. जितके घोडे वर, तितकी घरं आपली सोंगटी पुढे. सात वर्षांच्या मुलांनाही जमतं.

कशाला हात लावू नये

पोशाख चढवून दुसरं माणूस ‘होणं’ मी पूर्ण बंद केलं. पिसांचंच घ्या. अमेरिकेतल्या अनेक मूलनिवासी समाजांत गरुडाचं पीस हा मिळवावा लागणारा मान असतो. मी ते क्रेप कागदाचं करून सगळ्यांच्या डोक्याला बांधलं होतं. कुणाच्याही प्रार्थनेचा, शोकाचा, पूजेतल्या मुखवट्याचा खेळ करायचा नाही. बोलण्याची नक्कल करायची नाही. शब्द शिकायचे तर नीट शिकायचे. पाचच शिका, पण त्या भाषेच्या माणसाने बोललेले ऐकून.

अडलं की मी तान्ह्या पोळ्याचा विचार करते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली मुलं लाकडी बैल सजवून घरोघर जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. दूरच्या एखाद्या शाळेत कुणी कागदी शिंगं लावून मुलांना हंबरायला लावलं आणि ‘हा नागपूरचा सण’ म्हणून हसवलं, तर आपल्याला कसं वाटेल? आणि कुणी एक लाकडी बैल हातात देऊन ‘याला सजव, उद्या शेजारी दाखवायला जा’ म्हटलं, तर? मला दुसरं चालेल, पहिलं नाही. त्याच मापाने मी इतरांचे खेळ मोजते.

कांग

त्या मणिपूरच्या मुलीच्या आईला मी पुढच्या वर्षी विचारलं, की तुमच्याकडचा एखादा खेळ शिकवाल का? त्यांनी लगेच होकार दिला नाही. आठ दिवसांनी आल्या, पिशवीत तपकिरी, चपटं, तळहाताच्या मधोमध बसेल एवढं बी घेऊन. ते पाहून शेजारचे काका म्हणाले, ही तर गारंबी. त्याच जातीच्या वेलीचं बी.

खेळाचं नाव कांग. दोन गट, प्रत्येकी सात जण, घरात किंवा मांडवात गुळगुळीत जमिनीवर. समोरच्या ठरलेल्या लक्ष्यावर कांग मारायची, आणि मारायच्या दोन रीती. चेकफैमध्ये उभं राहून जमिनीवरून सरकत जाईल अशी फेकायची. लमथामध्ये ती जमिनीवर सपाट ठेवून बोटाने टोलवायची. गोट्या खेळलेल्या मुलांच्या बोटांना लमथा लगेच जमलं, म्हणून आम्ही सुरुवातही गोट्यांनीच करतो. दोन डाव गोट्यांचे, मग तीच रेघ, तेच लक्ष्य आणि हातात कांग. लक्ष्य म्हणून कॅरमच्या सात सोंगट्या दोन बोटांच्या अंतराने ओळीत ठेवा. मोठी माणसं खेळतात ते नियम बरेच किचकट आहेत, मुलांना एवढं पुरे. गारंबी मिळाली नाही तर कॅरमचा स्ट्रायकर घ्या. फरशीवर बोरिक पावडर नको, मुलं घसरतात.

त्या मुलीच्या आईने सांगितलेला एक नियम मात्र आम्ही बदलला नाही. कांग मणिपुरात चैराओबा या नववर्षापासून रथयात्रेपर्यंतच खेळतात. त्या काळाबाहेर खेळलं तर वाईट शक्ती खेळणाऱ्यांच्या मनात शिरते असं जुनी माणसं मानतात. चैराओबा बहुतेक वर्षी आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी येतो. मुलांना वाटलं, घरी कोण बघायला येणार आहे. त्यावर त्या मुलीने सांगितलं, की तिची आजी इंफाळहून फोनवर विचारते.

कांग आता एका स्टीलच्या डबीत माझ्या देव्हाऱ्याखालच्या फडताळात असते. पाडव्याला सकाळी गुढी उभारली की मुलं डबी मागायला येतात. जून सरत आला की त्यांच्यातलं कुणीतरी कालनिर्णय काढून बसतं आणि रथयात्रा यंदा किती तारखेला आहे ते मोठ्याने वाचून दाखवतं, म्हणजे किती डाव उरलेत ते सगळ्यांना कळतं.